पाणबुडीच्या गेममधले आकाश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाणबुडीच्या गेममध्ये बराच वेळ काहीच घडत नाही. खेळणारा क्षितिज न्याहाळत राहतो, आणि एखादी धुराची रेघ दिसली की खरा खेळ सुरू होतो. ‘सायलेंट हंटर’ मालिकेतले आकाश, धुके आणि पाणी बदलणारे मॉड, म्हणजे खेळाडूंनी स्वतः केलेले फेरबदल, एवढे लोकप्रिय झाले ते यामुळेच. युबिसॉफ्टच्या रुमानियातल्या स्टुडिओने मालिकेचा तिसरा भाग २००५ मध्ये काढला. प्रशांत महासागरातला चौथा २००७ मध्ये आणि पाचवा २०१० मध्ये आला. हौशी मंडळींनी त्यांतले सूर्य, ढग आणि लाटा पुढे कित्येक वर्षे दुरुस्त केल्या. या दुरुस्त्यांभोवती काही समजुती घट्ट बसल्या आहेत आणि त्यांचे मूळ एकच आहे : आकाश म्हणजे नाटकातला मागचा पडदा, तो कसाही रंगवला तरी पुढच्या प्रवेशात फरक पडत नाही, असे मानणे. पाणबुडीच्या लढाईत मात्र कोणी कोणाला आधी पाहिले यावर बराचसा निकाल लागतो, आणि ते उजेड, धुके व क्षितिज ठरवतात. म्हणून आकाशाला हात लावणारा खेळाच्या नियमांनाच हात लावत असतो.

गैरसमज १ : ज्याने समुद्र पाहिला नाही, त्याला गेममधले आकाश खरे की खोटे हे कळणार नाही.

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेहून कोणताही किनारा ५०० किलोमीटरपेक्षा जास्त दूर आहे. तरीही आकाशाची परीक्षा घ्यायला ही जागा उत्तम आहे, कारण सूर्याचा मार्ग समुद्रावर अवलंबून नसतो, अक्षांशावर असतो. पिपरी मेघे साधारण २०.७ अंश उत्तरेला आहे. अमेरिकी पाणबुड्यांचा तळ असलेले पर्ल हार्बर २१.३ अंशांवर आहे. फिलिपिन्सचे लुझोन बेट आणि तैवान यांच्यामधली सामुद्रधुनीही याच पट्ट्यात येते. १९४४ मध्ये जपानी काफिल्यांची शिकार जिथे चालली, तो हा टापू. अमेरिकी खलाशी त्याला ‘कॉन्व्हॉय कॉलेज’ म्हणत. चौथ्या भागात या पाण्यात गस्त घालणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावरचा सूर्य आणि पिपरी मेघेतल्या गच्चीवरचा सूर्य एकाच वाटेने जायला हवेत. इथे मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर सूर्य भर दुपारी थेट माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. २१ जूनच्या सुमारास तो माथ्यापासून पावणेतीन अंश उत्तरेला झुकलेला असतो. २१ डिसेंबरच्या सुमारास मात्र दुपारीही ४६ अंशांच्या वर चढत नाही. सूर्यास्तानंतर कामापुरता उजेड वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, कारण इथे सूर्य क्षितिजाखाली बराच सरळ उतरतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला ५७ अंशांवर सगळेच वेगळे. तिथे डिसेंबरातला माध्यान्हीचा सूर्य जेमतेम साडेनऊ अंशांवर असतो, आणि जूनमध्ये मध्यरात्रीही तो क्षितिजाखाली तेवढाच उतरतो, म्हणजे रात्र पुरती काळी होतच नाही. अटलांटिकसाठी बनवलेली लांबलचक, जांभळट संध्याकाळ कोणी लुझोनच्या पाण्यावर पसरली, तर ती चूक ओळखायला जहाजावर जाण्याची गरज नाही. घड्याळ आणि गच्ची पुरेशी आहे.

गैरसमज २ : समुद्र आकाशाचेच प्रतिबिंब दाखवतो, तेव्हा आकाश निळे केले की पाणी आपोआप जमते.

ही समजूत मोठ्या माणसांचीही होती. प्रकाशाच्या विखुरण्याचा सिद्धान्त मांडणारे लॉर्ड रॅले समुद्राच्या निळेपणाचे श्रेय आकाशाच्या प्रतिबिंबाला देत. १९२१ च्या सप्टेंबरात इंग्लंडहून ‘नरकुंडा’ जहाजाने परतणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांना हे पटले नाही. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश ठरावीक कोनात ध्रुवीभूत होतो आणि असा प्रिझम फिरवून तो अडवता येतो. आकाशाचे प्रतिबिंब असे पुसून टाकल्यावरही पाणी निळेच राहिले, उलट ती निळाई अधिक गडद झाली. रंग पाण्याच्या आतून येत होता. हे निरीक्षण त्यांनी मुंबई बंदरात जहाजावरूनच ‘नेचर’ला पत्राने कळवले आणि ते त्याच वर्षी नोव्हेंबरात छापून आले. मॉड करणाऱ्याच्या दृष्टीने यातला कामाचा भाग म्हणजे कोन. सरळ खाली पाहिले तर शांत पाणी आकाशाचा सुमारे २ टक्केच प्रकाश परत फेकते. नजर क्षितिजाकडे सरकत जाते तसे हे प्रमाण झपाट्याने वाढते. म्हणून पाणबुडीच्या कडेला दिसणारे पाणी त्याच्या स्वतःच्या रंगाचे, आणि दूरचे पाणी आकाशाच्या रंगाचे. त्यातही वारा असला की लाटांचे तिरपे अंग क्षितिजाजवळच्या उजळ आकाशाऐवजी वरच्या, जरा गडद आकाशाचे प्रतिबिंब दाखवते. त्यामुळे समुद्र आकाशापेक्षा काळसर दिसतो आणि क्षितिजाची रेघ स्पष्ट उमटते. ही रेघ पुसली गेली की जहाजाचा आकार कशाच्या आधारे ओळखायचा, हाच प्रश्न उभा राहतो. सगळ्या पाण्याला एकच निळा हात फिरवणारा मॉड चित्रात देखणा दिसतो, पण टेहळणीसाठी निरुपयोगी ठरतो.

गैरसमज ३ : दूरचे जितके लख्ख दिसेल, तितके वातावरण खरे.

तिसऱ्या भागात मूळ दृश्यमर्यादा सुमारे ८ किलोमीटरची होती. ती दुप्पट करणारे १६ किलोमीटरचे वातावरण हे मॉडकारांचे गाजलेले काम. मूळ आकडा मात्र निव्वळ वेडगळ नव्हता. डोळा पाण्यापासून ५ मीटर उंच असेल तर क्षितिज जवळपास ८ किलोमीटरवरच येते. अंतर वाढवण्याचे खरे कारण दुसरीकडे आहे. २५ मीटर उंच डोलकाठीला तिचे स्वतःचे १८ किलोमीटरचे क्षितिज मिळते, त्यामुळे स्वच्छ हवेत तिचे टोक २५ किलोमीटरवरूनही दिसू शकते. अंतर वाढवावे, हे योग्यच. पण त्या अंतरावर वस्तू कशी दिसावी याचाही नियम आहे. हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कॉशमिडर यांनी १९२४ मध्ये तो मांडला : काळी वस्तू आणि क्षितिजावरचे आकाश यांच्यातला उजेडाचा फरक अंतरानुसार ठरावीक पटीने घटत जातो, आणि तो २ टक्क्यांवर आला की वस्तू दिसेनाशी होते. दृश्यमानता १६ किलोमीटर असेल, तर ८ किलोमीटरवरच हा फरक १४ टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणजे जहाज अर्ध्या वाटेवरच पुरेसे फिकट व्हायला हवे, आणि ते नेमके क्षितिजाच्या रंगात विरघळायला हवे. धुक्याचा रंग आणि क्षितिजाजवळच्या आकाशाचा रंग जुळला नाही, तर दूरचे जहाज कागदातून कापून चिकटवल्यासारखे दिसते. तसे जहाज खेळाडूला फुकटात सापडते.

इथेच दुसरी बाजू येते. गेममधला टेहळ्या आपल्या स्क्रीनकडे पाहत नाही. त्याची नजर म्हणजे एक हिशेब असतो, आणि त्यात अंतर, धुके, उजेड, लाटा यांचे गुणांक संवेदकांच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहिलेले असतात. सूर्य, धुके आणि प्रकाश ठेवणारी ‘सीन’ फाईल बदलून चित्र १६ किलोमीटरपर्यंत उघडले आणि टेहळ्याचा हिशेब ८ वरच राहिला, तर खेळाडूला जहाज दिसते आणि खलाशी गप्प बसतो. उलट केले तर खलाशी रिकाम्या धुक्याकडे बोट दाखवून जहाज आल्याचे ओरडतो. शत्रूच्या विनाशिकेलाही हाच न्याय लागू आहे. चित्र आणि हिशेब एकमेकांशी जुळवणे हे या कामातले खरे कौशल्य. ढगांची चित्रे त्यामानाने सोपी.

गैरसमज ४ : खरी रात्र म्हणजे मिट्ट काळोख.

भर दुपारच्या उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. पौर्णिमेचे चांदणे जेमतेम पाव लक्सचे, आणि अमावास्येला नुसत्या ताऱ्यांचा उजेड त्याहूनही शेकडो पटींनी कमी. तरीही अंधाराला सरावलेला डोळा समुद्रावर आकार ओळखतो, कारण आकाश पुरते काळे नसते आणि त्याच्यापुढे काळी आकृती उठून दिसते. अमेरिकी नौदलाने हा धडा रंगाच्या डब्यातून घेतला : सुरुवातीला काळ्या रंगवलेल्या पाणबुड्या रात्री जास्त ठळक दिसतात हे ध्यानात आल्यावर १९४४ मध्ये त्या राखाडी छटांत रंगवल्या गेल्या. टेहळ्यांची ७ बाय ५० ची दुर्बीणही अंधारासाठीच होती. तिच्यातून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका सुमारे ७ मिलिमीटर रुंद असते, अंधारात विस्फारलेल्या बाहुलीएवढी. यावर एक आक्षेप रास्त आहे. साध्या मॉनिटरवर सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या ठिपक्यात सुमारे १ हजार पटींचा फरक असतो, तिथे दिवस आणि रात्रीतला कोट्यवधी पटींचा फरक कसा मावणार? नाहीच मावणार. म्हणूनच गेममधली रात्र मोजमापाने काळी ठेवून चालत नाही, तिने डोळ्याला जमणारी कामे जमू द्यायला हवीत. आकाश आणि समुद्र यांच्यात थोडा फरक राहावा, जहाजाचा आकार कळावा, पण त्याचा झेंडा कळू नये. चांदण्यात रंग जवळजवळ ओळखू येत नाहीत, त्यामुळे गर्द निळी रात्र ही सिनेमाची देणगी आहे. सूर्य-चंद्राच्या आकाराचेही तेच. दोघेही आकाशात अर्धाच अंश जागा व्यापतात. १९२० ठिपके रुंद स्क्रीनवर ६० अंशांचे दृश्य असेल, तर चंद्र १६ ठिपक्यांचा हवा. मॉडमध्ये तो पुष्कळदा ताटाएवढा असतो.

गैरसमज ५ : एकाचे ढग, दुसऱ्याचे पाणी, दोन्ही घातले की दोन्हींचे चांगले मिळते.

मॉड चालू-बंद करणारे जेएसजीएमईसारखे साधन फाईलच्या आतले बदल एकत्र करत नाही, ते पूर्ण फाईलच्या जागी दुसरी फाईल ठेवते. दोन्ही मॉडमध्ये ‘सीन’ फाईल असली तर शेवटी घातलेली तेवढी उरते, आणि पहिल्याचे धुके दुसऱ्याच्या सूर्यासोबत नांदायला राहतच नाही. साधन अशा टकरीची सूचना देते. ती वाचावी, आणि अदलाबदल गस्तीच्या मध्यात न करता पाणबुडी बंदरात असताना करावी.

शेवटचा आक्षेप रसिकांचा आहे. हा तर खेळ, सूर्यास्त देखणा असला तर बिघडले काय? देखणेपणाला कोणाचाच विरोध नाही, आणि चित्र टिपण्यापुरता मॉड हवा असेल तर वरचे सगळे हिशेब बाजूला ठेवायला हरकत नाही. पण जो खेळाडू टॉर्पेडोचा कोन दशांशापर्यंत काढतो, त्याने काफिला कधी दिसणार हे मात्र रंगाच्या हौसेवर सोडावे, हे विसंगत आहे. कामाचा क्रमही यातूनच ठरतो. आधी अक्षांशाप्रमाणे सूर्य आणि संधिप्रकाश, मग क्षितिज व धुके यांचा एकच रंग, त्यानंतर टेहळ्याचा हिशेब, आणि ढगांची नक्षी सगळ्यात शेवटी. यातली पहिली पायरी तपासायला पिपरी मेघेत मेच्या अखेरीस एक उभी काठी आणि दुपारची पाच मिनिटे लागतात.