उजेडाला कर्ज

२०२५ च्या मार्च महिन्यात आमच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायला दोन मुले आली. जागा मोकळी करून द्या म्हणाली, म्हणून गच्चीवरच्या खोलीतला पसारा बाहेर काढला. मोडका पाळणा, गणपतीची मखरे, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे, आणि या सगळ्याखाली एक पेटी. आतून काळी, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. "काका, ही जुनी बॅग का?" त्यातल्या एकाने विचारले. तिच्यात एकेकाळी आमच्या घरचे वरण शिजत असे, असे सांगितल्यावर तो नुसता हसला. त्याला वाटले, म्हातारा थट्टा करतोय.

ती आमची सौरचूल. १९८८ साली सरकारी अनुदानात घेतलेली. त्या काळी अपारंपरिक ऊर्जा हा शब्द नवा होता आणि सौरचूल घरात असणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण मानले जाई. खोटे कशाला बोलू, त्या पेटीत भात-वरण उत्तम शिजे. शेंगदाणे तर असे खमंग भाजले जात की कढईत तसे कधी झाले नाहीत. पण सकाळी दहाला डबे ठेवायचे, मधून मधून पेटीचे तोंड उन्हाकडे फिरवायचे आणि एकच्या सुमाराला काढायचे, हा तिचा दिनक्रम. फोडणी तिच्यात होत नाही, पोळी होत नाही. आमची सौ. शाळेत शिक्षिका. सूर्याची आणि तिची नोकरीची वेळ नेमकी एकच! चार उन्हाळे पेटी चालली आणि मग माळ्यावर गेली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हेच झाले असेल.

सौरचुलीत खोट नव्हती. मात्र तिच्यासाठी घराला आपला दिवस बदलावा लागत होता, आणि घरे असा दिवस सहसा बदलत नाहीत. आता गच्चीवर आलेली पॅनेले घराला काहीच बदलायला सांगत नाहीत. मिक्सर तोच, पंखा तोच, बटण तेच.

हे पॅनेलही तसे कालचे नव्हे. १९५४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौरघट जगाला दाखवला. पडलेल्या उन्हापैकी जेमतेम सहा टक्क्यांची वीज त्यातून होई. आज बाजारातले साधे पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे. १९७० च्या दशकात एका वॉटच्या पॅनेलला कित्येक डॉलर मोजावे लागत; आता त्याच वॉटला डॉलरचा लहानसा अंश पुरतो. तेवढीच महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या बाजूने घडली. दिवा काटकसरी झाला. जिथे साठ वॉटचा पिवळा बल्ब लागे, तिथे आठ-नऊ वॉटचा एलईडी पुरतो. ज्या निळ्या एलईडीमुळे हा पांढरा उजेड शक्य झाला, त्याच्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले ते उगाच नाही. कमाई वाढली आणि खर्च घटला, की संसार उभा राहतो. सौरविजेचा संसार असाच उभा राहिला.

आमच्याकडे तीन किलोवॉटची पॅनेले बसली. एका किलोवॉटला दिवसाकाठी सरासरी चार युनिट, म्हणजे रोजची बारा आणि महिन्याची साधारण साडेतीनशे युनिट. दुपारी उरलेली वीज वीज कंपनीकडे जाते, रात्री लागेल तेवढी तिच्याकडून येते. नेट मीटर दोन्हींची वजाबाकी ठेवतो. बँकेच्या पासबुकासारखेच हे!

दोन गोष्टी मात्र मला उशिरा कळल्या. पहिली, कडक ऊन म्हणजे जास्त वीज असे नाही. पॅनेल तापले की त्याची ताकद कमी होते. पंचवीस अंशांच्या वर दर अंशामागे सुमारे एक तृतीयांश टक्का. मे महिन्यातल्या रणरणत्या दुपारपेक्षा फेब्रुवारीतले स्वच्छ, गार ऊन त्याला अधिक मानवते. दुसरी, बाहेरची वीज गेली की बॅटरी नसलेली आपली यंत्रणाही बंद पडते. डोक्यावर ऊन आणि घरात पंखा बंद! मी चिडून त्या मुलांना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितले, "काका, खांबावर वायरमन चढलेला असतो. तुमच्या गच्चीवरून तारेत वीज गेली तर त्याचं काय होईल?" मी गप्प बसलो.

इथवर सगळे कौतुकाचे झाले. पण पॅनेले लागत होती तेव्हा माझे मन गच्चीवर नव्हते. ते वीस वर्षे मागे, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेले होते.

२००६ साली मी तिथे शाखाधिकारी होतो. भारनियमनाचे ते दिवस आठवत असतील. गावात बारा-बारा तास वीज नसे आणि ती नेमकी संध्याकाळी जाई. एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. आमच्याच शाखेच्या कर्जातून त्यांनी शिलाई मशीन घेतले होते आणि एकही हप्ता चुकवला नव्हता. त्यांना पत्र्यावर बसवायचे एक छोटे पॅनेल, एक बॅटरी आणि दोन दिवे घ्यायचे होते. किंमत बारा हजार.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. तारण काय? हे कोणत्या योजनेत बसते? बॅटरी बिघडली तर? आणि शेवटी, मला स्वतःला फार मुद्देसूद वाटलेला प्रश्न: "यातून उत्पन्न काय वाढणार? दिवा ही तर घरखर्चाची बाब झाली."

बाई म्हणाल्या, "साहेब, मशिनीला कर्ज देता, मग उजेडाला का नाही देत? मशीन पायानं चालते. डोळ्याला दिसलं तर चालते."

मी अर्ज परत केला. नियमाला धरून केला, त्यामुळे त्या रात्री झोपही नीट लागली.

पुढे वर्षभराने त्यांच्या पत्र्यावर पॅनेल दिसले. पैसे बचत गटाकडून घेतले होते, महिना दोन टक्क्यांनी. त्या गटाला कर्ज आमच्याच शाखेने दिलेले! म्हणजे बँकेचा पैसा बाईंपर्यंत पोचला तो पोचलाच. फक्त मी वर्षाला बारा टक्क्यांनी जे नाकारले, ते त्यांनी चोवीस टक्क्यांनी घेतले. मी तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बारा हजार, तीन वर्षे, बारा टक्के: हप्ता चारशेच्या आसपास, म्हणजे दिवसाला तेरा-चौदा रुपये. अंधारामुळे त्यांचे रोज संध्याकाळचे दोन ब्लाउज बुडत होते, आणि गावात एका ब्लाउजची शिलाई तीस रुपये होती. हा हिशेब त्या पाचवी शिकलेल्या बाईंनी तोंडी केला होता. पदवीधर अधिकाऱ्याने तो मांडलाच नव्हता.

नियम नव्हते ही सबब मी बरीच वर्षे स्वतःला सांगितली. पण शेजारच्या कर्नाटकात हरीश हांडे यांची सेल्को १९९५ पासून हेच काम करत होती: गरिबाला त्याच्या कामापुरता दिवा द्यायचा आणि तिथल्या बँकांकडून त्याच्या कमाईला झेपेल असे कर्ज मिळवून द्यायचे. २०११ साली हांडे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ती बातमी मी शाखेतच वाचली. आमच्या त्या जुन्या गावापासून कर्नाटकची हद्द तासाभरावर होती.

सूर्य फुकट आहे, असे सगळे म्हणतात. बँकेत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मी वेगळे सांगेन. रॉकेल रोज थोडे थोडे विकत घेता येते, विजेचे बिल महिन्याने येते. उन्हाची वीज मात्र वीस-पंचवीस वर्षांची एकदम, आगाऊ विकत घ्यावी लागते. ज्याच्याकडे आगाऊ पैसे आहेत किंवा ज्याच्यावर कुणी विश्वास टाकतो, त्यालाच ती फुकट पडते.

हा विश्वास आता थोडा वाढला आहे. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने अपारंपरिक ऊर्जेला अग्रक्रम क्षेत्रात जागा दिली, घरगुती कर्जदाराला दहा लाखांच्या मर्यादेपर्यंत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट, तीन किलोवॉटला ७८ हजारांचे अनुदान आणि बँकांकडून तारणाशिवाय कर्ज. २०२५ च्या जानेवारीअखेर देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. मी स्वतः त्याच योजनेतून पॅनेले घेतली. मला कुणी विचारले नाही की यातून तुमचे उत्पन्न काय वाढणार!

पण मला पक्की गच्ची आहे, माझ्या नावाचा सातबारा आहे, पेन्शन आहे. पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याचे काय? चौथ्या मजल्याच्या वर आणखी सात मजले असलेल्या सदनिकेतल्या कुटुंबाचे काय? हातगाडीवर रात्री भुर्जी विकणाऱ्याला अनुदान नको आहे, त्याला आठ-दहा हजारांचे कर्ज आणि बॅटरी बिघडल्यावर फोन उचलणारा माणूस हवा आहे. नवे तंत्रज्ञान त्याच्या दारापर्यंत आलेले आहे. दार उघडायची किल्ली अजून कुठल्या तरी शाखेतल्या टेबलाच्या खणात आहे.

ती जुनी सौरचूल सौ.ने भंगारात देऊ दिली नाही. पुसून गच्चीच्या कोपऱ्यात, पॅनेलवर सावली पडणार नाही अशी ठेवली आहे. ती आता निवृत्त आहे, सकाळचे दहा ते एक मोकळे असतात. परवा तिने शेंगदाणे भाजले. चव तीच होती.

माझ्या जुन्या खुर्चीवर आज जो कुणी तरुण अधिकारी बसला असेल, त्याला एवढेच सांगणे आहे. असा अर्ज परत करण्यापूर्वी एकदा त्या घरी संध्याकाळी सात वाजता, वीज गेलेली असताना जाऊन ये. सुईत दोरा ओवून बघ. मग सही कर.