माउंटन सायकलची परीक्षा

निफाड, लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत, कोणत्याही गावी शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहा. साध्या काळ्या सायकलींच्या बरोबरीने दुसरी एक सायकल तुमच्या नजरेस पडेल. तिचे टायर जाड आणि खाचांचे, हँडल आडवे व सरळ, मागे पुढे दातेरी चक्रांची चळत आणि पुढच्या चिमट्यात स्प्रिंग. दुकानात तिला माउंटन सायकल म्हणतात. पुढे स्प्रिंग आहे, पण मागची बाजू ताठ आहे, म्हणून तिचे शास्त्रशुद्ध नाव 'हार्डटेल', म्हणजे ताठ शेपटीची.

अशी सायकल स्वस्तातली म्हटली तरी दहा-पंधरा हजारांना पडते. कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी ही रक्कम काही थोडी नव्हे. तरीही ती निवडताना आपण काय पाहतो? रंग, स्टिकर आणि '२१ गियर' हा आकडा! यांपैकी एकही गोष्ट सायकल चढावर कशी चढेल आणि ट्रॅक्टर आडवा आला तर कशी थांबेल, हे सांगत नाही.

हे जाणून घेण्यासाठी फार साधने लागत नाहीत. मोजपट्टी, खडू, सेकंदकाटा असलेले घड्याळ, जाड दोरा आणि आलेखाचा कागद एवढे पुरे. दुकानदार लांबची फेरी मारू देणार नाही, म्हणून तशीच सायकल असलेल्या मित्राकडून ती एका सकाळपुरती मागून घ्या आणि पुढील चाचण्या करा.

ही सायकल आली कोठून?

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरिन परगण्यात, काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या वाटेने सुसाट खाली येत. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यतीच सुरू केल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि प्रत्येक फेरीनंतर तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत अशा पुन्हा भरण्याला 'रीपॅक' म्हणतात. त्या वाटेला तेच नाव पडले. उंचावरची स्थितिज ऊर्जा खाली येताना गतिज होते आणि ब्रेक लावताच तिची उष्णता होते, याचा हा धडधडीत पुरावा!

१९७७ साली जो ब्रीझ याने मुद्दाम अशा वाटांसाठी फ्रेम बनवली. पुढच्या चिमट्यातील स्प्रिंग मात्र बाजारात रुळली ती १९९० च्या सुमारास. म्हणजे पहिली दहाबारा वर्षे माउंटन सायकल स्प्रिंगवाचूनच डोंगर उतरत होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

चाचणी पहिली : माप

सायकलचा आडवा दांडा दोन पायांत घेऊन, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून उभे राहा. दांडा आणि शरीर यांमध्ये निदान ५ सें.मी. अंतर हवे. आता भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा आणि टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. पाय जवळजवळ सरळ झाला तर सीटची उंची बरोबर.

गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो. सायकल तशी घेऊ नये. ढगळ सदरा फार तर वाईट दिसेल, पण मोठी सायकल अडचणीच्या वेळी पाय टेकू देणार नाही. माप जमले नाही, तर पुढच्या चाचण्या करूच नका.

चाचणी दुसरी : २१ गियर म्हणजे किती?

पुढे ३ चक्रे आणि मागे ७, म्हणून ३ × ७ = २१. हे गणित खरे आहे, पण फसवे आहे. खडूने खूण करत दाते मोजा. समजा, पुढे २४, ३४ आणि ४२ दाते आहेत. मागे १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८ आहेत. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरेल, हे पुढचे दाते भागिले मागचे दाते केल्याने कळते. आता पाहा : २४ ÷ १४ = १.७१, ३४ ÷ २० = १.७० आणि ४२ ÷ २४ = १.७५. तीन वेगळे गियर, पण काम जवळपास एकच! पूर्ण २१ भागाकारांचा तक्ता करा, म्हणजे खरोखर वेगळे असे गियर किती थोडे आहेत ते दिसेल.

महत्त्वाचे असतात ते दोन टोकांचे गियर. टायरवर खडूची खूण करून सायकल एक फेरा ढकला आणि जमिनीवरील दोन खुणांमधले अंतर मोजा. २६ इंची जाड टायरचा परीघ सुमारे २.०५ मीटर भरेल. सर्वांत हलका गियर २४ ÷ २८ = ०.८६. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.७६ मीटर पुढे जाते. सर्वांत जड गियर ४२ ÷ १४ = ३. त्यात ती ६.१५ मीटर जाते. पुढे ४४ व मागे १८ दाते असलेली साधी २८ इंची सायकल एका फेऱ्यात सुमारे ५.४ मीटर जाते आणि तिला पर्याय नाही.

याचा चढावर काय परिणाम होतो? समजा, तुमचे आणि सायकलचे मिळून वजन ६६ किलोग्रॅम आहे आणि वाट दर १२ मीटरला १ मीटर चढते. गुरुत्वाकर्षण तुम्हाला ६६ ÷ १२ = ५.५ किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने मागे ओढील. पायडलची दांडी १७ सें.मी. लांब असेल, तर एका फेऱ्यात पाऊल सुमारे १.०७ मीटर चालते. कार्य दोन्हीकडे सारखेच असते. म्हणून पायाला सरासरी लावावे लागणारे बल साध्या सायकलवर ५.५ × ५.४ ÷ १.०७, म्हणजे सुमारे २८ किलोग्रॅम वजनाइतके येते. हलक्या गियरवर ते सुमारे ९ येते. (घर्षण धरलेले नाही.) नदीपात्रातून गावात चढणाऱ्या वाटेवर साधी सायकल हातात धरून चालावी लागते, ती यामुळेच. अर्थात फुकट काही मिळत नाही. बल एकतृतीयांश झाले, तर पायडलचे फेरे तिप्पट मारावे लागतात!

चाचणी तिसरी : टायर आणि हवा

टायरच्या खाचांना ओला चिखल फासा, मागचे चाक आलेखाच्या कागदावर ठेवा आणि एका मित्राला सायकल धरायला लावून सीटवर बसा. उतरल्यावर ठशातील चौरस मोजा. मागच्या चाकावर ४० किलोग्रॅम भार आणि हवेचा दाब दर चौरस सें.मी.ला २ किलोग्रॅम असेल, तर ठसा सुमारे २० चौ. सें.मी. भरला पाहिजे. पंक्चरवाल्याच्या भाषेत हा दाब २८ पौंड होतो. दाब दुप्पट केला, तर ठसा निम्मा होईल. (टायरचा स्वतःचा ताठपणा आणि मधल्या खाचा यांमुळे थोडा फरक पडतो.)

ढेकळांच्या वाटेवर मोठा ठसा बरा. टायर खड्ड्याशी जुळवून घेतो आणि धक्का गिळतो. डांबरी रस्त्यावर लहान ठसा बरा, कारण टायर कमी चेपला की चाक अधिक सहज घरंगळते. मात्र टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेबाहेर कधी जाऊ नका.

निफाडकरांसाठी येथे एक खास गणित आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यातील नीचांकी तापमानाची नोंद झाली की ती वर्तमानपत्रांत झळकते. तेथे पारा कित्येकदा ५ अंशांच्याही खाली जातो. समजा, दुपारी २७ अंशांना तुम्ही ४० पौंड हवा भरली. बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १४ पौंड. म्हणजे ट्यूबमधील एकूण दाब ५४. पहाटे तापमान ५ अंश झाले, तर केल्व्हिन मापाने ते ३०० वरून २७८ वर येते. ५४ × २७८ ÷ ३०० = ५०. त्यातून १४ वजा केले की उरतात ३६ पौंड. ट्यूब फुटलेली नाही, वायूचे नियम आपले काम करत आहेत!

चाचणी चौथी : शॉकअपला दोरा बांधा

पुढच्या चिमट्याची चकचकीत नळी जेथे जाड नळीत शिरते, तेथे दोरा घट्ट बांधा आणि खडबडीत वाटेवर अर्धा किलोमीटर जाऊन या. स्प्रिंग दबली की दोरा वर सरकतो आणि तेथेच राहतो. तो सरकला त्यावरून चिमटा जास्तीत जास्त किती दबला ते कळते. सायकलवर ८० मि.मी. लिहिलेले असेल आणि दोरा जेमतेम १५ मि.मी. सरकला असेल, तर ती स्प्रिंग तुमच्या वजनाला फार कडक आहे. तुम्ही तिचे ओझे तेवढे वाहत आहात.

आता पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली रेटा आणि एकदम सोडा. चिमटा सावकाश वर आला तर आत दोलने शमवण्याची काही सोय आहे. टणकन उसळला तर नुसती स्प्रिंग आहे. अशी स्प्रिंग एक धक्का गिळते आणि लगेच दुसरा देते. शिवाय असा चिमटा साध्यापेक्षा किलो-दीड किलोने जड असतो आणि उभे राहून पायडल मारताना तुमच्या श्रमाचा काही भाग खाली-वर होण्यातच खर्च होतो.

चाचणी पाचवी : ब्रेक

ही चाचणी शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या मैदानावर आणि डोक्याला हेल्मेट घालूनच करा. कोणत्या मुठीने कोणते चाक थांबते, ते आधी पाहून घ्या. २० मीटर अंतरावर दोन खुणा करा. ते अंतर ४ सेकंदांत कापले, तर वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. दुसऱ्या खुणेवर ब्रेक लावा आणि थांबण्याचे अंतर मोजा.

चांगल्या स्थितीतील दोन्ही ब्रेक एकदम, पण हलक्या हाताने वाढवत लावले, तर कोरड्या टणक जमिनीवर सायकल सुमारे अडीच मीटरांत थांबावी. फक्त मागचा ब्रेक लावला तर सुमारे दुप्पट अंतर लागते. थांबताना भार पुढच्या चाकाकडे झुकतो आणि मागचे चाक हलके होऊन घसरते, हे त्याचे कारण. नुसता पुढचा ब्रेक मात्र कधीही कचकन दाबू नका. वेग दुप्पट केला तर अंतर चौपट होते, हेही विसरू नका. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागून जाताना हाच नियम तुमचा जीव राखील.

डिस्क ब्रेक चांगला की रिमवर दाबणारा? चिखलात रिम माखते तेव्हा डिस्कचा फायदा होतो. परंतु सैल तारेच्या डिस्कपेक्षा नीट बसवलेला रिमब्रेक भला. नावापेक्षा मोजलेले अंतर खरे माना.

आता वाटेवर

आपल्या तालुक्यात तीन प्रकारच्या वाटा आहेत. नाशिकहून येवल्याकडे जाणारा डांबरी रस्ता, द्राक्षबागा आणि उसातून जाणारे शिवाररस्ते, आणि कालव्याकाठच्या मातीच्या वाटा. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ बंधारा आहे. तेथून निघालेले कालवे पूर्वेकडे जातात. तेथील पाणथळ जागेला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. तिन्ही प्रकारच्या वाटांवर, परवानगी असेल तेथे, एक-एक किलोमीटर जा आणि वेळ, लागलेला गियर व हातांना बसलेले धक्के नोंदवा. मग तेच साध्या सायकलवर करा.

पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत कोणतीच सायकल शहाणी नसते. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरला थरावर थर चिकटतात आणि शेवटी चाक चिमट्यात अडकून बसते. अशा वेळी खाली उतरावे आणि काटकीने माती खरवडावी. घरी आल्यावर चेन पुसून तिला तेल द्यावे. दप्तरासाठी कॅरिअर आणि मडगार्ड यांचीही चौकशी करा. या सायकलींना ते पुष्कळदा नसतात, आणि त्यांचा खर्च किमतीत धरावा लागतो.

निकाल

नवशिक्याने गुण कोणत्या क्रमाने द्यावेत? पहिले माप, दुसरे ब्रेक, तिसरे टायर, चौथा सर्वांत हलका गियर आणि अगदी शेवटी स्प्रिंग. दुकानात नेमका उलटा क्रम चालतो, कारण स्प्रिंग लांबून दिसते आणि ब्रेक लावल्याशिवाय कळत नाही. त्याच किमतीत ताठ चिमट्याची, पण चांगल्या ब्रेकची आणि रुंद टायरची सायकल मिळत असेल, तर ती खुशाल घ्या. त्या मरिनच्या मुलांपाशी तरी स्प्रिंग कोठे होती? तुमची शाळेची वाट सपाट आणि डांबरी असेल, तर घरातली काळी सायकलही नव्या ब्रेकच्या रबरांवर आणि चांगल्या टायरांवर आणखी बरीच वर्षे सेवा देईल.

शिक्षकांनी वर्गाचे पाच गट करून प्रत्येकाला एक चाचणी द्यावी आणि शाळेच्या आवारातील दहा सायकलींचा तक्ता फळ्यावर मांडावा. त्या दहांपैकी ज्यांचे ब्रेक परीक्षेत नापास होतील, त्या सायकली त्याच संध्याकाळी मिस्त्रीकडे गेल्या पाहिजेत.