स्टेनगनची जर्मन आजी

रझाकारांच्या दिवसांच्या गोष्टी ऐकतच आम्ही मराठवाड्यातली मुले वाढलो. त्या गोष्टींत एक शब्द हमखास येई : ‘स्टेनगन’. आज वर्गात मुक्तिसंग्रामाचा विषय निघाला की नांदेडची मुले विचारतात, “सर, स्टेनगन म्हणजे नेमके काय हो?” मराठीच्या मास्तराने व्युत्पत्ती सांगावी : शेफर्ड आणि टर्पिन या दोघा इंग्रजांची आद्याक्षरे, पुढे एनफील्ड या गावाची पहिली दोन अक्षरे. पण हे झाले नावाचे कूळ. वस्तूचे कूळ शोधायचे तर जर्मनीत जावे लागते.

पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या झटापटीत लांब रायफल अडचणीची ठरू लागली. तेव्हा १९१८ मध्ये ह्यूगो श्मायसर याने आखलेली एक आखूड बंदूक बर्गमानच्या कारखान्यातून बाहेर पडली. ‘एम. पी. १८’ हे तिचे नाव. पिस्तुलाचीच ९ मिलिमीटरची गोळी, डाव्या अंगाला गोगलगायीच्या शंखासारखी ३२ गोळ्यांची डबी आणि चाप दाबून धरला की एकामागून एक बार!

तिची खुबी साधी आहे. आत एक जड लोखंडी दट्ट्या आणि त्यामागे स्प्रिंग. चाप ओढताच दट्ट्या सुटतो, डबीतली एक गोळी नळीत ढकलतो आणि तिच्या बुडावर आघात करतो. बार होतो, गोळी पुढे जाते, रिकामे काडतूस मागे रेटले जाते. रिकामी हातगाडी धक्क्यासरशी पळते. कापसाने लादलेली बैलगाडी तेवढ्याच धक्क्याने जागची हलायला वेळ घेते. दट्ट्याही तसाच जड. तो मागे सरकेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. मग काडतूस बाहेर उडते, स्प्रिंग दबते आणि पुन्हा तेच चक्र. कुलूप नाही, कडी नाही. सारा भरवसा वजनावर.

१९४० मध्ये डंकर्कला शस्त्रे गमावून बसलेल्या इंग्रजांनी हीच खुबी उचलली आणि १९४१ मध्ये पत्रा-नळीची स्वस्त स्टेनगन काढली. स्वस्ताईचा दोषही तिच्यात होता : हातातून पडली तर कधीकधी आपोआप उडे.

१९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून निजामाच्या राज्यात चोरून शस्त्रे उतरवीत होता. तरी लातूरच्या वकील कासीम रझवीच्या बहुतेक रझाकारांपाशी तलवारी, भाले नि ठासणीच्या बंदुकाच होत्या. म्हणूनच असेल, स्टेनगनचे नुसते नावही दहशतीला पुरत असे. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. त्यांच्याजवळही स्टेनगन होत्या. १७ तारखेला निजाम शरण आला. पण पुढच्या दिवसांत नांदेडात आणि लातूर ज्यात मोडे त्या उस्मानाबाद जिल्ह्यात असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले, हे पंडित सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवले आहे.

पूर्वी तलवार धरायची तर वर्षानुवर्षे तालीम करावी लागे. त्या तालमीत हात तयार होई आणि जमलाच तर विवेकही. श्मायसरच्या दट्ट्याने हाताची तालीम अनावश्यक करून टाकली. विवेकाची तालीम मात्र अजून कोणत्याही कारखान्याला स्वस्त करता आलेली नाही. ती घराघरांतच द्यावी लागते.