रिले थेट पिनवर चालत नाही

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत पॅनेल वायरिंग करणारे हात भरपूर आहेत. रिले, कॉन्टॅक्टर, स्टार्टर हे त्यांचे रोजचे शब्द. दुसरीकडे नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं डेटा कार्ड, आर्डुइनो, ईएसपी-३२ सहज हाताळतात. जानोरी-मोहाडीच्या पॉलिहाऊसमधला फॉगर तापमानावर चालवायचा असो, की निफाडच्या द्राक्षबागेतला ठिबकचा पंप मातीच्या ओलाव्यावर, या दोघांची गाठ रिलेपाशी पडते. सेन्सर वाचण्यापर्यंत सगळं सुरळीत होतं आणि मोटार चालू करायची वेळ आली की अडतं. त्यामागे काही पक्के बसलेले गैरसमज आहेत.

सर्वांत महाग पडणारा समज हा: "पिन ५ व्होल्टची, रिलेही ५ व्होल्टचा, मग जोडून टाका." व्होल्ट जुळले, पण करंटचं काय? बाजारात सगळीकडे मिळणारा सॉन्गलचा निळा रिले घ्या. ५ व्होल्टच्या कॉइलचा रोध सुमारे ७० ओहम, म्हणजे तो जवळपास ७१ मिलिअँपिअर खेचणार. आर्डुइनो उनोच्या पिनची टोकाची मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, आणि रोजच्या वापरात २० च्या वर जाऊ नये. रास्पबेरी पायची पिन १६ पर्यंत. प्रयोगशाळांत वापरलं जाणारं यूएसबी-६००८ हे डेटा कार्ड एका लाइनवर ८.५ मिलिअँपिअर पेलतं.

लॅबजॅक यू-३ या डेटा कार्डाच्या एफआयओ लाइनमध्ये तर संरक्षणासाठी सुमारे ५५० ओहमचा रोध आतच बसवलेला आहे. ३.३ व्होल्टची ही लाइन थेट त्या कॉइलला जोडली आणि मीटर लावला, तर कॉइलवर जेमतेम ०.३७ व्होल्ट दिसतात. रिले पिकअप व्हायला निदान ३.७५ व्होल्ट लागतात. कार्ड धडधाकट असतं, प्रोग्रॅमही बरोबर असतो, तरी रिले ढिम्म हलत नाही. हे आउटपुट मुळात दुसऱ्या सर्किटला निरोप देण्यासाठी आहेत, ताकद लावण्यासाठी नाहीत.

"मग २४ व्होल्टचा रिले घेऊ, तो कमी करंट घेतो." घेतो खरा, सुमारे १५ मिलिअँपिअर, पण पिन २४ व्होल्ट देणार कुठून? काहीजण चार पिना एकत्र बांधतात. प्रोग्रॅममध्ये एक पिन चुकून शून्यावर गेली की बाकीच्या तिच्यात करंट ओततात. हा मार्ग सोडून द्यावा.

योग्य मार्ग म्हणजे मध्ये ट्रान्झिस्टर घालणं. बीसी-५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर असल्याने ७१ ला तो काठावर राहतो. २एन-२२२२ निर्धास्त चालतो. ५ व्होल्टच्या पिनपासून बेसला १ किलोओहम, एमिटर ग्राउंडला, कॉइल कलेक्टरमध्ये. पिनवर भार पडतो फक्त सवाचार मिलिअँपिअरचा.

अनेक रिले असतील तर यूएलएन-२००३ ही सात चॅनेलची चिप सोयीची, पण इथेही एक गैरसमज आहे: "यूएलएन लावला की काम झालं." तिच्यातले ट्रान्झिस्टर डार्लिंग्टन जोडीचे असल्याने चिप स्वतःकडे जवळपास १ व्होल्ट ठेवून घेते. ५ व्होल्टच्या रिलेला उरतात ४, आणि पुरवठा थोडा खाली आला की रिले थरथरतो. यूएलएनबरोबर १२ व्होल्टचे रिले आणि त्यांचा वेगळा पुरवठाच वापरावा.

कॉइल बंद होताना तिच्यातली ऊर्जा शेकडो व्होल्टचा झटका देऊ शकते, म्हणून तिच्यावर १एन-४००७ डायोड उलटा लावतात, पट्टी प्लसकडे. यूएलएनमध्ये तो आतच असतो, मात्र कॉम पिन रिलेच्या प्लसला जोडावी लागते. एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर हा डायोड चुकूनही लावू नका. तिथे आरसी स्नबर लागतो.

"मॉड्यूलवर ऑप्टोकपलर आहे, म्हणजे कार्ड सुरक्षित." तयार मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी लिहिलेला छोटा जंपर बघा. तो बसलेला असेल तर ऑप्टोची बाजू आणि रिलेची बाजू एकाच पुरवठ्यावर आहेत. विलगीकरण उरलं नाही. जंपर काढून रिलेला स्वतंत्र ५ व्होल्ट द्या आणि त्या पुरवठ्याचा ग्राउंड कार्डाच्या ग्राउंडला जोडू नका. ट्रान्झिस्टर किंवा यूएलएन वापरताना मात्र नेमकं उलटं: दोन्ही ग्राउंड जोडल्याशिवाय काहीच चालणार नाही.

वीज येताच काय होतं, याचा विचार फार कमी लोक करतात. प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत उनोच्या पिना तरंगत असतात. ट्रान्झिस्टरच्या बेसपाशी १० किलोओहमचा पुलडाउन हवाच. यूएसबी-६००८ मध्ये उलट ४.७ किलोओहमचा पुलअप असतो, म्हणून सुरुवातीला लाइन वरच राहते. त्याला लाइन खाली ओढल्यावर चालू होणारं मॉड्यूलच शोभतं. शेतात वीज पाळीने येते. अंधारात मोटारीपाशी कोणी वाकलेलं असताना पंप आपोआप सुरू होणं जिवावर बेतू शकतं.

शेवटचा समज सर्वांत धोक्याचा: "रिलेवर १० अँपिअर लिहिलंय, ५ एचपीची मोटार चालेल." ही थ्री फेज मोटार पूर्ण भारावर साधारण ७ अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या सहापट. शिवाय तीन फेज तोडायचे असतात. रिलेने फक्त स्टार्टरला आज्ञा द्यायची: एक कॉन्टॅक्ट हिरव्या बटणाला समांतर, दुसरा, नेहमी बंद असणारा, लाल बटणाच्या मालिकेत.

आणि इथेही एक मेख आहे. शेतातल्या अनेक डीओएल स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर असते. निळ्या रिलेच्या कॉन्टॅक्टवर स्पष्ट छापलेलं असतं, २५० व्होल्ट एसी. जोडण्याआधी मेन स्विच पाडा, स्टार्टरचं झाकण उघडा आणि कॉइलवरचा आकडा वाचा. ४१५ असेल तर मध्ये त्या व्होल्टेजसाठी बनवलेला कॉन्टॅक्टर घाला, आणि हे वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.