अहवाल येईपर्यंतचे दिवस

गाठ हाताला लागते, डॉक्टर तिचा तुकडा तपासणीसाठी पाठवतात आणि ‘आठवड्याने या’ असे सांगतात. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरमधील घर असो वा मुंबईतील सदनिका, आजारपणातील सर्वांत अवघड काळ पुष्कळदा हाच ठरतो. आजार आहे हे ठरलेले नसते आणि नाही हेही ठरलेले नसते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही कर्करोगाची शंका आली की अनेक कुटुंबे नागपूरची गाडी पकडतात. उपचार अद्याप सुरू व्हायचे असतात, त्यामुळे वाट पाहण्याखेरीज हाती काही नसते. अशा दिवसांत आपल्याला प्रार्थनेने शांती मिळाली, असे अनेक ख्रिस्ती रुग्ण सांगतात. ही शांती म्हणजे नेमके काय?

‘देव मला बरे करणारच’ हा भरवसा म्हणजे शांती, असा सर्वसाधारण समज आहे. काही प्रचारक तसे सांगतातही. बायबलमधील चित्र मात्र बरेच वेगळे आहे. अटकेच्याच रात्री गेथशेमाने बागेत येशूने स्वतः, हा प्याला माझ्यापासून टळावा, अशी विनवणी केली. तो व्याकूळ होता, सोबतचे शिष्य झोपी गेले होते आणि प्याला काही टळला नाही. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाणी आणि विलाप यांचा वाटा मोठा आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. भीती वाटणे हा अविश्वास नव्हे, ती देवापुढे मोठ्याने मांडता येते, ही मुभा या परंपरेत आरंभापासून आहे. आजारी माणसाला धीर देताना ‘रडू नकोस, श्रद्धा ठेव’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना ती सहसा ठाऊक नसते.

शांतीविषयीचा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा उतारा पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. पौल तेव्हा कैदेत होता आणि आपण सुटणार की मरणार, हे त्याला माहीत नव्हते. काळजी देवापुढे ठेवा म्हणजे बुद्धीपलीकडची शांती तुमचे अंतःकरण राखील, असा त्याचा आशय. ‘राखील’ या अर्थी आलेला मूळ ग्रीक शब्द सैन्याच्या पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत असल्याने तेथील वाचकांना तो लगेच उमगला असावा. पहारेकरी शत्रूला नाहीसे करत नाही, तो दाराशी उभा राहतो. तसेच अहवालात काय येईल, याविषयी हा उतारा काहीच सांगत नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला या प्रार्थनेची भाषा कुठून मिळाली, याचा एक धागा गोंदियावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाशी जुळतो. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असता डब्यातील एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्यांनी रचलेली भजने मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. आजाऱ्याच्या उशाशी बसून ती म्हटली जातात तेव्हा शब्द ख्रिस्ताचे असले तरी वळण अभंगाचे असते.

आजारासंबंधी आणखी एक प्रश्न रात्री छळतो. हे मलाच का? माझ्या हातून काय पाप घडले? योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाविषयी हेच विचारतात, की पाप याचे की याच्या आईबापांचे? दोघांचेही नाही, असे येशू उत्तर देतो. पूर्वजन्मीच्या संचिताचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या समाजात या उत्तराचे महत्त्व निराळे सांगायला नको.

आधुनिक संशोधनाचाही रोख याच ठिकाणी आहे. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अनोळखी लोकांनी रुग्णासाठी प्रार्थना केल्याने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट, आपल्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण ५९ टक्के, म्हणजे इतरांपेक्षा काहीसे अधिकच आढळले. प्रार्थनेला औषधाच्या गोळीसारखे मोजू पाहणाऱ्यांची त्यामुळे निराशा झाली. दुसरीकडे केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आजारी वृद्धांच्या पाहणीतून दाखवले, की देवाने आपल्याला टाकले किंवा शिक्षा केली असे मानणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अधिक होता. तेव्हा श्रद्धा आहे की नाही, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणत्या देवावर आहे, हेही पाहावे लागते.

मुंबईकरांना या श्रद्धेचे सार्वजनिक रूप चांगले परिचयाचे आहे. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते आणि तिला सर्व धर्मांचे लोक येतात. सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोके विकत घेऊन वाहिले जातात. ज्याचा जो अवयव दुखतो, तो. त्याच वांद्रे परिसरात १९८६ मध्ये कर्करोग शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ‘शांति आवेदना सदन’ सुरू केले. ज्यांच्यावर बरे करणारा उपचार उरलेला नाही, अशा कर्करोग्यांसाठीची ही भारतातील पहिली संस्था. येथे वेदनाशामके दिली जातात, जखमा धुतल्या जातात, भगिनी रुग्णाजवळ बसतात. रुग्ण कोणत्या धर्माचा, हे पाहिले जात नाही. बरे होण्याची अट न घालता मिळणारी शांती कशी असते, याचे उदाहरण शोधायचे तर प्रस्तुत प्रतिनिधीला मेणाच्या अवयवांपेक्षा हे सदन जवळचे वाटते.

औषध आणि प्रार्थना यांच्यात भांडण लावण्याचे कारण नाही. परंपरेनुसार शुभवर्तमानकार लूक हा वैद्य होता आणि मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉनलेस हे शल्यचिकित्सक व मिशनरी असे दोन्ही होते. गोळ्या बंद करून केवळ प्रार्थनेवर विसंबा, असे कोणी सांगत असेल तर ते ऐकू नये.

एक गैरसमज मात्र अजूनही जात नाही. रोमन कॅथलिक पंथात आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार आहे. शतकानुशतके तो मृत्युशय्येवर दिला जाई, त्यामुळे फादर घरी आले की रुग्ण घाबरे आणि शेजारी कुजबुजत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये या विधीची नवी रचना झाली. गंभीर आजारी व्यक्ती, थकलेले वृद्ध आणि मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरा जाणारा रुग्ण, या साऱ्यांना आता तो घेता येतो. प्रकृती पुन्हा बिघडली तर पुन्हाही घेता येतो. शस्त्रक्रियेची तारीख ठरताच आपल्या चर्चमध्ये कळवावे. रुग्ण शुद्धीवर असताना, घरची माणसे भोवती असताना तो झाला, तर फादरांच्या प्रार्थनेला ‘आमेन’ रुग्णालाच म्हणता येते.