आडवाटेची पहिली चाल

बुद्धिबळाचा पट मांडला की पहिली चाल पांढऱ्याची, हे तर अगदी लहान मुलांनाही ठाऊक असतं. पण त्या पहिल्या चालीला पर्याय किती, असं विचारलं तर चांगल्या खेळणाऱ्या मुलीही बोटं मोजायला लागतात. उत्तर आहे २०. आठ प्यादी, प्रत्येकाला एक घर किंवा दोन घरं जायची मुभा, म्हणजे १६ चाली. आणि दोन घोड्यांच्या प्रत्येकी दोन उड्या, म्हणजे आणखी ४. एवढ्या २० वाटा समोर असताना आपल्याकडचे बहुतेक डाव दोनच वाटांनी सुरू होतात. एकतर राजासमोरचं प्यादं दोन घरं, नाहीतर वजिरासमोरचं प्यादं दोन घरं.

या दोन चाली वाईट आहेत असं मुळीच नाही. पटाच्या मधली चार घरं ज्याच्या ताब्यात, त्याच्या मोहऱ्यांना हिंडायला-फिरायला जागा जास्त. म्हणून शेकडो वर्षं मोठमोठे खेळाडू याच चाली खेळत आले. पण त्यामुळेच झालंय असं, की या वाटांवर पुढे काय काय घडतं याची पुस्तकंच्या पुस्तकं लिहून झाली आहेत. आता तर संगणकही मदतीला असतो. शहरातल्या क्लासला जाणाऱ्या मुलामुलींच्या पहिल्या दहा-बारा चाली पाढ्यांसारख्या पाठ असतात.

आमच्या महिला मंडळातर्फे दर शनिवारी दुपारी गावच्या वाचनालयात मुलींचा बुद्धिबळाचा गट भरतो. तिथल्या मुलींना नेमकं हेच जड जातं. ना क्लास, ना प्रशिक्षक, घरात मोबाइल एकच आणि तोही वडिलांच्या खिशात. स्पर्धेला गेल्या की समोरचा मुलगा भराभर चाली करत सुटतो, घड्याळाचं बटण दाबून मोकळा होतो, आणि आमची मुलगी प्रत्येक चालीला डोकं खाजवत बसते. अर्धा वेळ तिथेच संपतो. हुशारीत ती कमी नसते. समोरच्याने जे घरी पाठ करून आणलंय, ते तिला तिथे बसून शोधावं लागतं, एवढाच फरक.

वाचनालयात येणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी यावर उपाय सुचवला. ते म्हणाले, ‘ताई, समोरच्याच्या पाठ केलेल्या रस्त्याने जायचंच कशाला? आपण आडवाट धरू.’ शिवरायांच्या मुलखातल्या आपल्याला गनिमी कावा काही नवीन नाही. मोठ्या फौजेशी मोकळ्या मैदानात भिडायचं नाही, तिला आपल्या ओळखीच्या खिंडीत आणायचं. पटावरही तसंच.

लार्सनची चाल

गुरुजींनी शिकवलेली सुरुवात दिसायला अगदी साधी. वजिराच्या बाजूला जो घोडा असतो, त्याच्यासमोरचं प्यादं फक्त एक घर पुढे सरकवायचं. बस्स. पाहणाऱ्याला वाटतं, या मुलीला खेळता येत नाही वाटतं!

पण त्या प्याद्यामागे एक घर रिकामं होतं आणि दुसऱ्या चालीत शेजारचा उंट तिथे जाऊन बसतो. आता तुम्ही घरचा पट काढा आणि त्या उंटाची तिरकी रेघ बोटाने पुढे न्या. ती पटाच्या बरोबर मधून जाते आणि थेट समोरच्या टोकाच्या कोपऱ्यात पोचते. काळ्याने नेहमीप्रमाणे राजाच्या बाजूला किल्लेकोट केला, तर त्याच्या राजासमोरचं प्यादं याच रेघेवर उभं असतं. म्हणजे आपला उंट कोपऱ्यात बसल्या बसल्या मधल्या घरांवरही नजर ठेवतो आणि शत्रूच्या राजवाड्यावरही. माजघरात बसून अंगणातलं सगळं बघणाऱ्या आजीसारखा!

या सुरुवातीला डेन्मार्कचे ग्रँडमास्टर बेंट लार्सन यांचं नाव मिळालं आहे. त्यांच्याआधी आरोन निम्झोविच यांनी मधली घरं प्याद्यांनी न व्यापता लांबून मोहऱ्यांनी ताब्यात ठेवायची, हा विचार जोरात मांडला होता. म्हणून दोघांचीही नावं जोडून घेतात. एरवी राजासमोरच्या प्याद्यावर श्रद्धा असणारा अमेरिकेचा बॉबी फिशरसुद्धा १९७० साली काही डावांत ही चाल खेळला. त्या वर्षी पाल्मा डी मायोर्का इथल्या स्पर्धेत ब्राझीलच्या मेकिंगला त्याने याच सुरुवातीने हरवलं.

फायदे कोणते?

पहिला फायदा म्हणजे समोरच्याची घोकंपट्टी निकामी होते. दुसऱ्या-तिसऱ्या चालीपासून त्याला स्वतः विचार करावा लागतो. घड्याळ आता दोघांचंही सारखंच चालतं.

दुसरा फायदा, शिकायला कमी. राजासमोरचं प्यादं खेळायचं तर काळ्याच्या डझनभर उत्तरांची तयारी लागते. इथे काळा काहीही खेळो, आपल्या पहिल्या चार-पाच चालींची मांडणी साधारण तीच राहते. घरकाम, शाळा, अभ्यास सांभाळून खेळणाऱ्या मुलीला हे फार सोयीचं आहे. आपल्यासारख्या गृहिणींनाही.

तिसरा फायदा, योजना समजायला सोपी. समजा काळ्याने उत्तरादाखल राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे आणलं. आपला उंट जागेवर बसताच ते प्यादं त्याच्या माऱ्यात येतं. काळा घोडा काढून त्याला आधार देतो. मग आपण राजासमोरचं प्यादं एक घर सरकवायचं, म्हणजे दुसऱ्या उंटाची वाट मोकळी होते. तो उंट त्या आधार देणाऱ्या घोड्यावर नेऊन भिडवायचा. घोडा मारला की प्यादं उघडं! ते वाचवायला काळा बहुतेक वेळा आपला उंट वजिरासमोरच्या प्याद्यापुढे आणतो आणि स्वतःचीच वाट अडवून बसतो. मुलींना हे एकदा पटावर दाखवलं की पाठ करावं लागत नाही, लक्षात राहतं.

चौथं म्हणजे, पांढऱ्याकडे एक चाल जादा असते. त्यामुळे सुरुवात थोडी संथ केली तरी फार बिघडत नाही. काळ्या मोहऱ्यांनी असा निवांतपणा महागात पडू शकतो.

पण सावधान!

आडवाट म्हणजे वाट्टेल तसं खेळायची मुभा, असा अर्थ कुणी घेऊ नये. याचा धडा खुद्द लार्सनलाच मिळाला होता. १९७० साली बेलग्रेडमध्ये सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा मोठा सामना झाला. लार्सन जगाच्या संघात पहिल्या पटावर, समोर तेव्हाचा विश्वविजेता बोरिस स्पास्की. लार्सनने दुसऱ्या डावात आपली आवडती चाल केली. पण पुढे एकच घोडा तीनदा हलवला, राजा मधोमध तसाच उघडा राहिला. स्पास्कीने वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला, म्हणजे ज्या कोपऱ्यावर लार्सनचा उंट डोळा लावून बसला होता तिथे राजा गेलाच नाही. मग स्पास्कीने घोडा दिला, चौदाव्या चालीला चक्क हत्ती दिला आणि एक प्यादं पुढे रेटत रेटत वजीर करून घेतलं. सतराव्या चालीला डाव खलास. आजही तो डाव पुस्तकांत छापतात.

लार्सनचं मला कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. असा मार खाल्ल्यावर पुढच्याच डावात, काळ्या मोहऱ्यांनी, त्याने त्याच स्पास्कीला हरवलं.

तेव्हा मोहरी लवकर बाहेर काढायची, राजाला वेळेवर सुरक्षित ठिकाणी न्यायचं, एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवायचा नाही, हे पायाचे नियम कुठल्याही वाटेला चुकत नाहीत. म्हणूनच नवशिक्या मुलीला पहिलं वर्षभर राजमार्गच शिकवावा. मधल्या घरांची किंमत कळल्याशिवाय ती लांबून कशी राखायची हे कळणार नाही. आणि एकच आडवाट रोज धरली की तीही समोरच्याच्या ओळखीची होते, हेही ध्यानात ठेवावं.

मुलींसाठी हे का?

आपल्या मुलींना बुद्धिबळातला मोठा वारसा आहे. १९७४ साली देशातली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी. त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी यांनीही पुढे हे विजेतेपद मिळवलं. रोहिणीताई तर १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावर केवढा गदारोळ झाला! प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी सांगितलं, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही. आणि २०२५च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी इथे महिलांचा विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत समोर होती आपलीच कोनेरू हंपी.

इतक्या उंचीवर सगळ्याच पोचत नाहीत, पोचायलाच हवं असंही नाही. आमच्या गटातल्या नववीतल्या एका मुलीचं सांगते. आई शिवणकाम करते. घरच्यांनी ठरवलं होतं, पुढचं वर्ष दहावीचं, आता खेळ बंद. ही शेवटची जिल्हा स्पर्धा. सात फेऱ्यांत चार वेळा तिला पांढरी मोहरी आली आणि चारही वेळा तिने लार्सनची चाल केली. दोन जिंकली, एक बरोबरी, एक हरली. काळ्या मोहऱ्यांनी एक डाव जिंकला. सातपैकी साडेतीन गुण. बक्षीस काही नाही.

पण दिवसभर भिंतीशी बसून आई बघत होती. खेळातलं तिला काही कळत नाही. तिला एवढंच दिसलं, की मोठ्या शहरातून आलेला, महागडे बूट घातलेला मुलगा तिसऱ्याच चालीला कपाळाला हात लावून बसला आणि आपली पोर शांतपणे त्याच्याकडे बघत होती. परतीच्या एस.टी.त ती मला म्हणाली, ‘ताई, दहावी तर दहावी, पण शनिवारची दुपार तिची राहू दे.’ मुलगी आता दहावीत आहे आणि शनिवारी येते.

मला वाटतं, आडवाटेच्या चालीचा खरा उपयोग इथे आहे. आपल्या मुलींना लहानपणापासून ‘सांगितलं तेवढं कर’ याची सवय लागलेली असते. पाठ केलेल्या चाली संपल्या की त्या बावरतात. या सुरुवातीत पहिल्यापासूनच स्वतः बघायचं, स्वतः ठरवायचं, आणि चुकलं तर त्याची जबाबदारीही स्वतःच घ्यायची. हे वळण पटापुरतं राहत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, सुट्टीत माळ्यावरचा पट खाली काढा. एखादं मोहरं हरवलं असेल तर बटण ठेवा, चालतं! मुलीला समोर बसवा, पांढरी मोहरी तिला द्या. आणि तिने घोड्यासमोरचं प्यादं एकच घर पुढे सरकवलं, तर ‘अगं, असं खेळतात का?’ असं लगेच म्हणू नका. ‘का खेळलीस?’ असं विचारा. तिच्याकडे उत्तर असेल तर डाव पुढे चालू द्या.