सेल्फ-होस्टेड मराठी ब्लॉग: गाळा भाड्याचा, कुलूप स्वतःचं

भिवंडीची ओळख दोन गोष्टींनी होते, यंत्रमाग आणि गोदामं. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतलं बरंच कापडकाम इथल्या मागांकडे वळलं. पुढे मुंबई-नाशिक महामार्गालगत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. समजा, या शहरातले एक निवृत्त शिक्षक मागांच्या आठवणी, कामगारांच्या तोंडचे शब्द आणि जुने फोटो स्वतःच्या ब्लॉगवर जमा करत आहेत. पाच-सहा वर्षांत तीनशे लेख झाले. एके दिवशी सकाळी साइट उघडेचना. फोटोंच्या मूळ प्रती जुन्या फोनबरोबर गेलेल्या. आता त्या तीनशे लेखांचं काय?

या प्रश्नाचं उत्तर साइट बंद पडल्यानंतर नाही, तर त्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

सेल्फ-होस्टेड म्हणजे नेमकं काय?

फेसबुक किंवा ब्लॉगर यांसारख्या सेवेवर लिहिणं म्हणजे दुसऱ्याच्या दुकानात माल ठेवणं. मालकाने शटर ओढलं की विषय संपला. याहूची जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाली, भारतात घराघरांत पोहोचलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. तिथे लिहिलेलं ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं नाही, त्यांच्या हाती फारसं काही उरलं नाही.

सेल्फ-होस्टेड ब्लॉग म्हणजे गोदामात भाड्याने घेतलेला गाळा. जागा होस्टिंग कंपनीची, पण कुलूप आणि माल आपला. भाडं परवडेनासं झालं किंवा सेवा पटली नाही, तर सगळा माल उचलून दुसऱ्या गाळ्यात नेता येतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे जागा आणि ब्लॉग चालवणारं सॉफ्टवेअर. बहुतेक जण यासाठी वर्डप्रेस वापरतात. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते २००३ मध्ये आणलं. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि ते मराठीतही वापरता येतं.

प्लगइन किती आणि कोणती?

वर्डप्रेसला नवं काम शिकवणारा जोडभाग म्हणजे प्लगइन. नको असलेल्या जाहिराती टिप्पण्यांतून गाळणारं अकिस्मेट, बॅकअप घेणारं अपड्राफ्टप्लस, पान वेगाने उघडावं म्हणून डब्ल्यूपी सुपर कॅश, अशी हजारो प्लगइन मिळतात. सुरुवातीला ती धडाधड बसवण्याचा मोह होतो आणि धोकाही तिथेच असतो.

प्रत्येक प्लगइन म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेला आणि साइटवर बरंच काही करू शकणारा कोड असतो. सप्टेंबर २०२० मध्ये ‘फाइल मॅनेजर’ या लोकप्रिय प्लगइनमध्ये एक भोक सापडलं. ते सात लाखांहून अधिक साइटवर बसवलेलं होतं. त्या भोकातून पासवर्ड नसतानाही कोणीही साइटवर हवी ती फाइल चढवू शकत होतं. दुरुस्त आवृत्ती लगेच आली, पण ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांची दारं उघडीच राहिली.

म्हणून प्लगइन बसवण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात:

- शेवटचं अपडेट कधी आलं? दोन-तीन वर्षं कोणी हात लावला नसेल तर ते टाळावं.
- वर्डप्रेसच्या सध्याच्या आवृत्तीवर ते तपासलेलं आहे का?
- हेच काम वर्डप्रेस स्वतः करतं का? उदाहरणार्थ, वाचक खाली सरकेल तसे फोटो उतरवण्याची सोय २०२० पासून वर्डप्रेसमध्येच आहे.
- पैसे भरून मिळणारं प्लगइन कोणी फुकट देत असेल तर का देतो? अशा ‘नल्ड’ प्रतींत अनेकदा चोरवाट दडवलेली असते.

वापरात नसलेलं प्लगइन नुसतं बंद करून भागत नाही, ते काढून टाकावं. बंद प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच पडून राहतात. वर्डप्रेसच्या ५.५ या आवृत्तीपासून प्लगइन आपोआप अपडेट होऊ देण्याची सोय आहे. लहान ब्लॉगने ती चालू ठेवलेली बरी.

मराठी लेखाचा पत्ता मधेच का तुटतो?

ही अडचण इंग्रजी ब्लॉगरला सहसा जाणवत नाही. लेखाला शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच लेखाचा पत्ता तयार करतं. या पत्त्यासाठी डेटाबेसमध्ये २०० चिन्हांची जागा असते. रोमन अक्षराला एक चिन्ह पुरतं. देवनागरी अक्षर मात्र यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांत लिहिला जातो. म्हणजे एका अक्षराला नऊ चिन्हं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. त्यामुळे जेमतेम २२ घटकांत जागा संपते.

‘भिवंडीतील यंत्रमाग उद्योगाची गोष्ट’ या शीर्षकाचा पत्ता ‘भिवंडीतील-यंत्रमाग-उद्यो’ इथेच तुटतो. तोच दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की अनेकदा टक्के आणि आकड्यांची लांबलचक माळ दिसते आणि वाचणाऱ्याला तो फसवणुकीचा दुवा वाटू शकतो. उपाय सोपा आहे. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्ता हाताने लिहावा, दोन-तीन शब्दांचा, मराठीत किंवा रोमन लिपीत. जुन्या लेखांचे पत्ते उगाच बदलू नयेत. बदललेच तर जुना दुवा नव्या पानावर पोहोचतो का, ते तपासून घ्यावं.

अक्षरं मोडकी का दिसतात?

अनेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. शीर्षकांच्या अक्षरांत त्या जास्तीची मोकळी जागा सोडतात. इंग्रजीत ते शोभतं, देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटते. दोन ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांना भिडतात. थीमच्या सेटिंगमध्ये अक्षरांमधलं जादा अंतर शून्य करावं आणि ओळींमधलं वाढवावं. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट मोफत आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड होते, म्हणून एकच फॉन्ट दोन जाडींत वापरलेला पुरे.

पान हळू का उघडतं?

वाचक आला की वर्डप्रेस डेटाबेसमधून मजकूर काढतं, थीममध्ये बसवतं आणि मग पान पाठवतं. प्रत्येक वाचकासाठी हेच पुन्हा पुन्हा होतं. म्हणजे गिऱ्हाईक आलं की दर वेळी नव्याने कापड विणण्यासारखं. कॅशिंग प्लगइन तयार पान जपून ठेवतं, जणू तयार ताग्यातून कापून द्यावं तसं. पण बहुतेक वेळा खरं ओझं फोटोंचं असतं. फोनने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवण्याऐवजी तो आधी लहान करावा. २०२१ पासून वर्डप्रेस वेबपी हा हलका प्रकारही स्वीकारतं. गूगलचं मोफत पेजस्पीड इनसाइट्स नेमकं कुठे अडतंय ते दाखवतं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, अशी त्याची अपेक्षा असते.

बॅकअप म्हणजे नेमकं काय जपायचं?

इथे बरेच जण फसतात. वर्डप्रेसमधल्या ‘एक्सपोर्ट’ने लेख मिळतात, पण फोटो मिळत नाहीत, फक्त त्यांचे दुवे येतात. साइटच गेली तर ते दुवे निरुपयोगी. पूर्ण बॅकअपमध्ये दोन गोष्टी हव्यात: लेख, टिप्पण्या आणि सेटिंग असलेला डेटाबेस, तसंच फोटो, थीम आणि प्लगइन असलेल्या फाइली. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप म्हणजे गोदामाची जादा किल्ली गोदामातच ठेवणं. वर्षातून एकदा तरी तो बॅकअप दुसरीकडे उतरवून साइट खरंच उभी राहते का ते पाहावं.

किल्ल्या कोणाकडे आहेत?

साइट करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं आणि पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, असं सर्रास घडतं. मग नूतनीकरणाची आठवण करून देणारा ईमेल त्याच्याच पत्त्यावर जातो आणि एक दिवस डोमेनची मुदत संपते. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही लिहिणाऱ्याच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर हवेत. मुदतीच्या तारखा आणि पासवर्ड कुठे ठेवले आहेत, हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावं.

भिवंडीच्या त्या शिक्षकांचे तीनशे लेख परत मिळतील का, हे प्लगइनच्या संख्येवर अवलंबून नाही. कपाटातल्या एका हार्ड डिस्कवर महिन्यापूर्वीची प्रत असेल आणि डोमेन त्यांच्या नावावर असेल, तर नव्या गाळ्यात माल लावायला एखादी दुपार पुरते.